लिटल केन की होलब्रूक

१२ एप्रिल

ओराबेथ,

मी मेल्याचं मला कळलं, त्या सकाळी मी लिटल केन तलावाच्या वरच्या खाडीत पाण्याची ऊब बघत होतो. थर्मामीटर दोरीला बांधून जुन्या बुंध्यांमध्ये सोडला होता आणि इंजिन बंद करून बसलो होतो. धुकं अजून पाण्यावरच होतं. यंदा थंडी लांबली, त्यामुळे बास माशांचे नर आता कुठे उथळात आलेत. शेपटीनं झाडून झाडून ताटाएवढी जागा स्वच्छ करतात, तेच त्यांचं घरटं. लहानपणी तू बोटीच्या नाकावर पालथी पडून ती बघत असायचीस, आणि तुझी आई मागून तुझ्या चड्डीचा पट्टा धरून बसायची.

तेवढ्यात फोन वाजला.

"डीकन का? मी विन्फील्ड लॅथ्रॉप, बर्मिंगहॅमहून. तुमचं नाव मला तिघांनी दिलं, आणि ते तिघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. म्हणजे तुम्ही खरोखर चांगले गाइड असणार."

मी हसलो. माणूस मला आवडला. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं मी रागानं लिहिलंय असं तुला वाटणार नाही.

त्यांना मे महिन्यात मुलाला आणि सुनेला घेऊन बास धरायला यायचंय. विचारणं एवढंच होतं, की लिटल केनला यावं की होलब्रूकला. "मासा कुठे आहे ते तुम्ही सांगायचं," ते म्हणाले, "पण माझं मन लिटल केनवर आहे. आमची सून तुमच्याच भागातली, सडथांची. माउंट ऑलिव्ह चर्चच्या मागे तिचे आईवडील आहेत. मेच्या दुसऱ्या रविवारी तुमच्याकडे थडगी सजवायचं डेकोरेशन असतं ना? म्हटलं, शनिवारी मासे धरू, रविवारी पोरीला थडग्यावर फुलं ठेवू दे. तिला कधी यायलाच झालं नाही."

"आईवडील दोघंही?" मी विचारलं.

"दोघंही. आई कॅन्सरनं गेली आणि पाठोपाठ बाप बुडाला, तुमच्याच पाण्यात कुठेतरी. पोर त्यावर फारसं बोलत नाही. लग्नात तिचा हात धरून चर्चमध्ये मीच चालत गेलो. तुम्ही ओळखत होता का हो त्याला?"

"ओळखत होतो," मी म्हणालो.

यात मी खोटं काहीच बोललो नाही. माझ्या गाडीवर, पाटीवर आणि सगळ्यांच्या तोंडी चर्चमधल्या माझ्या पदाचं, 'डीकन', एवढंच नाव आहे, तुला माहीतच आहे. आर्व्हेल सडथ म्हणणारी माणसं आता फक्त चर्चमध्ये उरलीत. त्यांना मी म्हणालो, आठवडाभर पाणी बघतो आणि मग सांगतो. पावती कुठे पाठवू म्हणून विचारलं तर म्हणाले, ऑफिसात पाठवा, सूनबाईच सगळं बघते. तोच पत्ता पाकिटावर लिहिला आहे.

तुझं लग्न झालं हे मला असं कळलं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बोट तशीच वाहू दिली. मग थर्मामीटर वर ओढला, पण बघायचं विसरलो आणि पुन्हा सोडला.

मासा लिटल केनलाच आहे. पण कुठे न्यायचं ते तू सांग.

तुझा
डॅडी

१९ एप्रिल

ओराबेथ,

परवा तू फोन ठेवलास तेव्हा माझं बोलणं अर्धं राहिलं होतं, म्हणून लिहितो. तू म्हणालीस त्याप्रमाणे हे पत्रही ऑफिसातच पाठवतोय, पाकिटावर माझं नाव न घालता.

किती वर्षांनी तुझा आवाज ऐकला. तू शब्द ओढून बोलायची आपली रीत सोडून दिलीस. सुरुवातीला मला वाटलं, बँकेतून कुणी बोलतंय. "होलब्रूकला ने त्यांना," एवढं म्हणून तू थांबलीस.

मी म्हणालो, "होलब्रूकला आता काही नाही गं. तिथलं पाणी उतरवलंय, मासा खोल गेलाय."

"मला माशांचं काही पडलेलं नाही, डॅडी. होलब्रूक दोन तासांवर आहे. तिथे तुला कुणी ओळखत नाही. लिटल केनला बोट उतरवायला गेलो की कुणीतरी येऊन माझ्या गळ्यातच पडेल. आणि रविवारी ते मला थडग्यावर नेणार. आईच्या दगडावर शेजारी तुझं नाव आधीच कोरलेलं आहे आणि पुढे मृत्यूच्या तारखेची जागा कोरी आहे. त्यांनी विचारलं तर काय सांगू?"

मी म्हणालो, खरं सांग.

तू हसलीस. आठवतंय ना, कशी हसलीस ते?

"त्यांना वाटतं मला कुणी नाही," तू म्हणालीस. "म्हणून त्यांनी मला घरातलीच एक करून घेतलं. तू असतास तर त्यांनी तुला जेवायला बोलावलं असतं. आणि तू आला असतास."

तुझं बरोबर होतं. मी आलो असतो. चांगला शर्ट घालून, मक्याची भाकरी भाजून, फडक्यात बांधून घेऊन आलो असतो. टेबलावर बसल्यावर कुणी सांगायच्या आत मान खाली घालून प्रार्थना सुरू केली असती. तू माझ्याकडे बघितलं नसतंस.

तू गेल्यापासून मी दर वर्षी या दिवसांत त्या नरांकडे जास्त वेळ बघत बसतो. मादी येते, अंडी घालते आणि निघून जाते. नर राहतो. घरट्यावर तरंगत राहतो, खात नाही, झोपत नाही, जवळ येईल त्याच्या अंगावर धावून जातो. गळाला लावून त्याला पाच मिनिटं बाहेर काढलं, तर आजूबाजूचे छोटे मासे सगळी अंडी फस्त करतात. म्हणून घरट्यावरच्या नरावर मी कधी कुणाला गळ टाकू देत नाही, गिऱ्हाईक कितीही बोलू दे. पण एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती. पिल्लं पोहायला लागली की एक दिवस तो राखण सोडतो. आणि सोडली की त्याच पिल्लांवर तुटून पडतो. जी मागे रेंगाळतात ती त्याच्या पोटात जातात. लहान मुलीला काय सांगायचं, म्हणून गप्प राहिलो होतो.

अजून मी मिस्टर लॅथ्रॉपना उत्तर दिलेलं नाही.

डॅडी

२९ एप्रिल

ओराबेथ,

मी होलब्रूक म्हणून सांगितलं.

ते म्हणाले, "मासा आहे ना तिथे?"

"कमी आहे," मी म्हणालो.

"मग?"

"मग काही नाही. मी तुम्हाला होलब्रूकला नेईन."

 ते म्हणाले, "ठीक. गाइड तुम्ही आहात." इतकी वर्षं या कामात आहे, पण आपल्यावर भरवसा टाकलेल्या माणसाला चुकीच्या पाण्यावर मी पहिल्यांदाच नेणार आहे. प्रार्थनेला बसलो तरी हे मध्ये येतं. देवासमोर तुझं नाव काढायचं म्हटलं की होलब्रूक तोंडात येतं.

पर्व्हिसच्या दुकानात गेलो होतो. तो अजून तसाच आहे. पुढच्या खोलीत गांडुळं आणि बारके मासे विकतो, मागच्या अंगणात थडग्यांचे दगड घडवतो. तू लहानपणी म्हणायचीस की त्याच्याकडे आलेलं गिऱ्हाईक आज नाही तर उद्या परत येणारच.

"कुणाला नेतोयस पुढच्या शनिवारी?" त्यानं विचारलं.

"बर्मिंगहॅमची माणसं आहेत. होलब्रूकला."

त्यानं गांडुळांचा डबा खाली ठेवला. "होलब्रूकला? आत्ता? त्यापेक्षा त्यांना बाथटबमध्ये बसव आणि हातात गळाच्या काठ्या दे. जेवण तरी गरम मिळेल."

"त्यांची मर्जी."

"तुझं तोंड म्हणतंय त्यांची मर्जी नाही," पर्व्हिस म्हणाला. "आर्व्हेल, तू खोटं बोललास की कानाची पाळी धरतोस. शाळेपासून बघतोय मी."

मी हात खाली घेतला. मग त्याला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं. तो बराच वेळ हातातली छिन्नी विजारीवर पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "पोरगी हुशार आहे. बापाला मारून टाकलं आणि पुरायचा खर्चसुद्धा केला नाही."

मी हसलो नाही. तोही हसला नाही.

डॅडी

९ मे

ओराबेथ,

शनिवारी तू होतीसच. तरी मी लिहितो, कारण बोटीत तू सगळा वेळ दुसरीकडे बघत होतीस.

तुला ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. केस कापलेस. धक्क्यावर तू हात पुढे केलास आणि म्हणालीस, "भेटून आनंद झाला, मिस्टर डीकन." तुझा हात थंड होता. माझ्या हाताला गांडुळांचा वास असेल, तू नंतर पँटला पुसलास.

तुझा नवरा ग्रँट भला वाटला. कमी बोलतो. ग्रँटनं माझ्या हातातून नांगर घेतला आणि म्हणाला, "राहू द्या, मी टाकतो." अशी माणसं मला भेटत नाहीत.

वारा वायव्येकडून होता आणि पाणी काठापासून इतकं खाली गेलं होतं की लाल माती उघडी पडली होती. मी त्यांना कडेच्या खडकांवर नेलं, बुडालेल्या पुलाच्या खांबांपाशी नेलं, खोल पाण्यात शिशाचं वजन सोडायला लावलं. जे जे माहीत होतं ते सगळं केलं. मिस्टर लॅथ्रॉपना वीतभर एक बास लागला. तो त्यांनी सोडून दिला आणि म्हणाले, "जा बाबा, आईला सांग चांगली माणसं भेटली."

मग तू काठी उचललीस. मनगट जरा आत वळवून, कोपर बरगडीला लावून गळ टाकलास. आमिष खांबाच्या सावलीत आवाज न करता उतरलं. मिस्टर लॅथ्रॉप माझ्याकडे वळले. "बघितलंत? हे रक्तात असावं लागतं. बापानं शिकवलं असणार."

"नाही," तू म्हणालीस. "व्हिडिओ बघून शिकले."

मी इंजिनाकडे बघत होतो. इंजिन बंद होतं.

दुपारी काठावर सायकमोरच्या झाडाखाली जेवायला बसलो. मी चिकन तळून आणलं होतं, घरी भाजलेली मऊ पावासारखी बिस्किटं आणि गोड चहा. तू बिस्किट फोडलंस आणि आतून बघितलंस, आईच्या पद्धतीचं आहे का म्हणून. होतं. तू ते खाल्लं नाहीस.

मिस्टर लॅथ्रॉपनी टोपी काढली. "डीकन, तुम्ही देवाचे माणूस. लिटल केन आमच्या नशिबात नव्हतं, थडग्यावर जाणंही या खेपेला होत नाही, पोरीला उद्या लवकर परतायचंय म्हणते. तर इथेच हिच्या वडिलांच्या आत्म्यासाठी दोन शब्द बोला."

मी म्हणालो, "आमच्यात मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत, साहेब. त्याचा निवाडा झालेला असतो. मागे राहिलेल्यांसाठी करतो."

"आमच्या चर्चमध्ये करतात," ते म्हणाले. "पण तुमच्या रीतीनं होऊ दे. कधी गेले गं ते, बेटा? तारीख कुठली?"

तू जराही अडखळली नाहीस. "एकोणीस ऑगस्ट," म्हणालीस. "मी कॉलेजात गेले त्या वर्षी."

पोरी, मला वाटलं होतं तू कुठलीतरी तारीख सांगशील. एकोणीस ऑगस्टला मी तुझी खोकी टस्कलूसाच्या त्या वसतिगृहात चौथ्या मजल्यावर चढवली. लिफ्ट बंद होती. शेवटचं खोकं घेऊन दारात आलो तेव्हा तुझ्या खोलीतल्या मुलीनं विचारलं, "हे कोण?" आणि तू म्हणालीस, "सामान आणायला आलेत." मी खोकं खाली ठेवलं, टोपीला हात लावला आणि जिना उतरलो. गाडीत बसल्यावर स्वतःला समजावलं, की पोर बावरली असेल. एवढी वर्षं तेच समजावत आलो. तुझ्या हिशेबी मी त्या जिन्यावरच संपलो होतो हे मला शनिवारी कळलं.

मी प्रार्थना केली. "प्रभू, या मुलीला जे हवं होतं ते पुरेपूर दे. आमेन." त्यात दुसरं काही नव्हतं. मिस्टर लॅथ्रॉपचे डोळे भरून आले. त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तू डोकं त्यांच्या हाताकडे कलवलंस.

संध्याकाळी बोट गाडीला बांधताना ते माझ्यापाशी आले. "तुम्ही चांगले गृहस्थ आहात, डीकन. पण मी जे ऐकून आलो होतो ते बहुधा दुसऱ्या कुणाबद्दल असावं." एवढं म्हणून हात मिळवून गेले. गाडीकडे जाता जाता तू दोरी उचलायच्या निमित्तानं वाकलीस आणि म्हणालीस, "मला वाटलं होतं तू रडशील. बरं झालं." तू एवढंच बोललीस माझ्याशी.

काल डेकोरेशन होतं. मी पहाटे जाऊन तुझ्या आईचा दगड ब्रशनं घासला. डाव्या बाजूला नेल्डा, दोन्ही तारखा. उजव्या बाजूला आर्व्हेल, जन्माचं साल, छोटीशी रेघ आणि पुढे गुळगुळीत ग्रॅनाइट. तिथे ओला ब्रश फिरवला की पाणी थांबत नाही, सरळ खाली ओघळतं. दुपारी झाडाखाली टेबलं मांडली. बायकांनी डंपलिंग वाढली. जो तो विचारत होता, ओराबेथ नाही आली? मी नाही म्हणालो. यात तरी खोटं बोलावं लागलं नाही.

आ. स.

३ जून

ओराबेथ,

हे शेवटचं पत्र. याला उत्तर नको.

डेकोरेशननंतर मी पर्व्हिसकडे गेलो. म्हणालो, दगडावर तारीख कोरायची आहे. कुणाच्या, म्हणून त्यानं विचारलं. माझ्या.

"वेड लागलं का तुला?" तो म्हणाला. "जिवंत माणसाची तारीख मी कोरत नाही. माझ्या बापानंही कोरली नाही."

"दगड माझा आहे."

"दगड तुझा, हात माझा आहे. आणि उद्या तू खरंच मेलास म्हणजे?"

"तेव्हा तुला काम उरलेलं नसेल. आधीच आटपलेलं असेल."

तो बाहेर जाऊन एक सिगरेट ओढून आला. मग म्हणाला, "हे ऐकून घे, आर्व्हेल. ग्रॅनाइटमध्ये एकदा कोरलं की परत भरता येत नाही. मन बदललं तर अख्खा दगड काढावा लागेल, नेल्डाच्या नावासकट. चर्च ते करू देणार नाही."

मला ते माहीत आहे, म्हणालो. त्यानं तीन आठवडे टाळाटाळ केली. एकदा पाऊस होता, एकदा छिन्नी बोथट होती, एकदा नुसताच घरी नव्हता. या मंगळवारी आम्ही दोघं गेलो. मी दगडाशेजारी गवतात बसून राहिलो. तो गुडघे टेकून काम करत होता आणि बोलत नव्हता, जे त्याला कधी जमत नाही. एकोणीस ऑगस्ट आणि तुझं कॉलेजचं पहिलं वर्ष. काम झाल्यावर त्यानं फुंकर मारून चुरा उडवला, आपली अवजारं पोत्यात भरली आणि माझ्याकडे न बघता गाडीकडे गेला. मी तळहात ठेवून बघितला. नव्या कापाच्या कडा बोटाला लागतात.

पर्व्हिसचं म्हणणं, हे खोटं आहे आणि डीकननं खोटं दगडावर लिहू नये. मी यावर खूप विचार केला, गुडघ्यांवर बसून केला. खोटं असतं तर मी ते कोरून घेतलं नसतं. ज्या माणसाला तू डॅडी म्हणायचीस तो त्या दिवशी जिना उतरला आणि परत कुठे पोचला नाही. ज्यानं तुला लहानाची मोठी केली त्याची तारीख तूच सांगितलीस. तुझ्याइतकं नक्की ते कुणाला माहीत असणार?

आता त्या दगडावर कोरी जागा नाही. कुणी विचारलं तर तुला काही सांगावं लागणार नाही.

राहिला मिस्टर लॅथ्रॉपचा प्रश्न. त्यांनी मला सरळ विचारलं होतं, की दोनपैकी कुठला तलाव, आणि मी त्यांना वाकडं उत्तर दिलं. गिऱ्हाइकाचा दिवस मी वाया घालवला आणि त्यांनी माझ्या कामावर ठपका ठेवला, तो मला लागला. काल संध्याकाळी त्यांना फोन केला.

"साहेब, तुमचं पहिलं मन बरोबर होतं," मी म्हणालो. "होलब्रूक माझी चूक होती. लिटल केनच. पुढच्या मेमध्ये, डेकोरेशनच्या आदल्या शनिवारी या. त्या दिवसाचं मी काही घेणार नाही."

ते खूश झाले. म्हणाले, पोरीला आत्ताच सांगत नाही, वेळेवर सांगेन, तिला बरं वाटेल. मी म्हणालो, तिला मी कळवतो.

म्हणून हे पत्र. तुला वर्षभर आहे. शनिवारी मी त्यांना वरच्या खाडीत नेईन आणि आयुष्यात बघितला नसेल असा बास दाखवीन. रविवारी तुम्ही थडग्यापाशी याल तेव्हा गाइड उभा राहतो तसा टोपी हातात धरून मागे उभा राहीन, आणि तू होऊन काही बोलली नाहीस तर मीही बोलणार नाही. दगड तुझ्या बाजूनं आहे. पण त्या दिवशी माउंट ऑलिव्हची सगळी माणसं तिथे असतात, आणि त्यांतली निम्मी मला लहानपणापासून नावानं हाक मारतात. त्यांच्या तोंडावर मला काही कोरता येत नाही. कुणी आर्व्हेल म्हणून हाक मारली तर मी ओ देईन.

मिस्टर लॅथ्रॉपनी तारीख लिहून घेतली. मीही माझ्या बोटीच्या वहीत ती पक्की केली आहे. लिटल केन.

डीकन